हजेरीपटावरचा हिशेब



१ जानेवारी १८७७ या दिवशी दिल्लीत दरबार भरला होता आणि व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले जात होते. त्याच दिवशी नागपुरात, जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत भराव घालून उभारलेली एक कापडगिरणी सुरू झाली. प्रसंगाचा मान राखून तिचे नाव ठेवले एम्प्रेस मिल. प्रवर्तक जमशेटजी टाटा, कंपनीचे भांडवल १५ लाख रुपये. नागपुरातल्या एका मारवाडी सावकाराने या कंपनीत पैसे घालायला नकार दिला होता. हा गृहस्थ जमिनीत सोने पुरतो आहे, असे त्याचे म्हणणे. पुढे लाभांश सुरू झाल्यावर त्यानेच कबूल केले, की टाटांनी माती पुरून सोने वर काढले. ही गोष्ट टाटांच्या बहुतेक चरित्रांत भेटते. त्याच वर्षातली दुसरी गोष्ट तितकी सांगितली जात नाही. १८७७ मध्येच या गिरणीत मजुरीच्या दरांवरून संप झाला, आणि भारतातल्या कामगार चळवळीचा इतिहास लिहिणारे आपल्याकडच्या संपांची यादी करू लागले, की ही नोंद अगदी वरच्या ओळींत येते.

कामगारांना चांगले वागवले की धंदा वाढतो, असे भाषणात म्हणायला सोपे. सभागृहात कोणी विरोधात हातही वर करणार नाही. पण ते खरे असेल तर सगळेच मालक तसे का वागत नाहीत? आणि वाईट वागणाऱ्यांचे दिवाळे का निघत नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची तर सद्भावना थोडी बाजूला ठेवून हजेरीपट उघडावा लागतो.

नागपूरच्या गिरणीत पहिल्यापासून डोकेदुखी होती ती गैरहजेरीची. आसपासच्या गावांतून आलेला माणूस सण आला, पेरणी आली, अंगात कणकण आली की घरी राही. गिरणी हे त्याचे आयुष्य नव्हते, आयुष्यातली एक अडचण होती. व्यवस्थापक होते बेझनजी दादाभाई मेहता. ते जी.आय.पी. रेल्वेतून आलेले, गिरणीचा पूर्वानुभव नसलेले. त्या काळचा रूढ उपाय म्हणजे दंड. दंड केला की माणूस नाराज होतो, नाराज माणूस दुसरी गिरणी शोधतो, आणि नव्याला शिकवण्यात सुताची नासाडी होते. ज्या कारखान्यात यंत्रे उसन्या पैशांनी विलायतेहून आणलेली असतात, तिथे बंद पडलेली प्रत्येक चाती व्याज खात उभी असते. एक माणूस आला नाही तर त्याच्या यंत्राकडे शेजारच्याने पाहायचे, त्याचे स्वतःचे धागे तुटायचे, आणि संध्याकाळी दोन्हीकडचे सूत वजनात कमी भरायचे.

जमशेटजींनी हजेरी चोख ठेवणाऱ्यांना बक्षिसे सुरू केली. खात्यात हवा खेळावी आणि आर्द्रता राहावी म्हणून यंत्रे बसवली. आर्द्र हवेत धागा कमी तुटतो आणि हवा खेळती असली की आत काम करणाऱ्याचा जीव कमी गुदमरतो. एका खर्चात दोन कामे. १८८६ मध्ये पेन्शन फंड आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. कामगार नुकसानभरपाईचा कायदा या देशात १९२३ मध्ये झाला, हे लक्षात घेतले तर नागपूरची ही गिरणी किती पुढे होती ते कळते. १८९५ मध्येच गिरणीच्या विस्ताराच्या वेळी जमशेटजी बोलले, त्याचा आशय असा होता: आम्ही इतरांपेक्षा जास्त उदार किंवा परोपकारी आहोत असा आमचा दावा नाही, आम्ही सरळ व्यापारी तत्त्वांवर सुरुवात केली, भागधारकांचे हित ते आपले मानले, आणि कामगारांचे आरोग्य व कल्याण हा आमच्या यशाचा पाया धरला.

टाटांना देवमाणूस ठरवण्याच्या उत्साहात आपण या भाषणातला पहिला भाग विसरतो. तो माणूस स्वतःच सांगतो आहे, की हा दानधर्म नाही. दानधर्म मंदीच्या वर्षी पहिला बंद होतो. पाया म्हणून घातलेला दगड मंदी आली म्हणून कोणी उपसत नाही.

आता मुंबईकडे वळू. गिरण्यांची मुंबई नागपूरपेक्षा श्रीमंत, पण माणसांच्या बाबतीत तिचा हिशेब निराळा होता. तिथे गावाकडून माणसांची रांग लागलेली होती. एक गेला तर दुसरा मिळेल, ही मालकांची खात्री. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आठवड्याची सुट्टी नाही, पगार महिना उलटून गेल्यावर कधीतरी. हा उशीर गैरव्यवस्थेतून आलेला नव्हता. माणूस पळून जाऊ नये म्हणून त्याचे पैसे अडकवून ठेवायचे, ही ती पद्धत होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली, ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगाला दिले, आणि आणखी सहा वर्षे झगडल्यावर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. एवढ्या साध्या गोष्टीला सहा वर्षे लागली. त्या सुट्टीने मुंबईची एकही गिरणी बुडाली नाही, उलट पुढच्या तीस वर्षांत त्या वाढतच गेल्या, याची नोंद मात्र कोणा मालकाने केल्याचे दिसत नाही.

पगार अडकवण्याच्या पद्धतीची परीक्षा लवकरच झाली. १८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग आला. काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गाव सोडून गेली. गिरणीत अडकलेला महिन्याचा पगार आणि आपला जीव यांत लोकांनी जीव निवडला. आणि मग जे दृश्य दिसले ते आधी कोणी पाहिले नव्हते. गिरण्यांचे लोक नाक्यानाक्यावर उभे राहून कामगारांसाठी बोली लावू लागले, रोजच्या रोज पैसे मोजू लागले, दुसऱ्या गिरणीकडे निघालेल्याला वाटेत अडवून चार पैसे जास्त देऊ लागले. साथ ओसरली, रांग पुन्हा लागली, आणि पगार पुन्हा महिन्याने होऊ लागला. धडा मिळाला होता. तो शिकण्याची गरज कोणाला वाटली नाही.

या व्यवस्थेच्या मध्यावर जॉबर बसलेला होता. बायकांच्या खात्यात नायकीण. माणूस घ्यायचा जॉबरने, यंत्रावर लावायचा जॉबरने, काढायचाही जॉबरने; प्रत्येक वेळी त्याची दस्तुरी. ज्याला कायम काम नाही तो बदली. कोणी गैरहजर राहिला तर आपल्याला काम लागेल या आशेने रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, नाहीच लागले तर खोलीवर परत. हा माणूस दहा-दहा वर्षे बदलीच राही. मालकाच्या दृष्टीने व्यवस्था झकास होती. गैरहजेरीवर उपाय करायची गरजच नाही, दारात माणसे उभीच आहेत. जॉबरची लाच कामगाराच्या खिशातून जाते, गिरणीच्या वह्यांत तिची ओळ नाही. सारखी माणसे बदलल्याने जे कापड बिघडते, ते बिघाड म्हणून धरले जाते, वागणुकीचा खर्च म्हणून धरले जात नाही.

सारी गोम इथे आहे. माणसाला वाईट वागवण्याचा खर्च होतोच, पण तो ज्या वर्षी होतो त्या वर्षीच्या ताळेबंदात दिसत नाही, आणि ज्याने केला त्याच्या नावावरही पडत नाही. चांगल्या वागणुकीचा खर्च मात्र त्याच महिन्याच्या पगारपत्रकात ठळक दिसतो. म्हणून हिशेबनीस आधी काटतो तो दुसरा.

मुंबईच्या गिरण्यांचे बिल १८ जानेवारी १९८२ रोजी आले. बोनसवरून सुरू झालेला असंतोष सार्वत्रिक संपापर्यंत गेला आणि सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे बाहेर पडले. मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करण्याचे कलम होते, आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा अशीही मागणी होती. त्या कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच गिरणी कामगारांची अधिकृत संघटना ठरवलेली होती. कामगारांना ती आपली वाटो न वाटो, मालकांशी बोलणार तीच. माणसाला मजुरी कमी मिळाली तर तो कुरकुरतो. आपल्या वतीने कोण बोलणार हेही दुसऱ्याने ठरवले, तर तो फार काळ कुरकुरत बसत नाही. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरणगाव मोडले.

पण मालकही बुडाले का? इथे सोयीचे उत्तर देता येत नाही. कित्येक गिरण्या जुनाट सांचांवर चालत होत्या, भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांनी त्यांची बाजारपेठ आधीच पोखरली होती, आणि संपाच्या आधीपासून पैसा गिरणीतून काढून दुसरीकडे वळवला जात होता. १९८३ मध्ये सरकारने १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली, २००१ च्या दुरुस्तीने ती आणखी रुंद झाली, आणि परळ-वरळीत कापडापेक्षा कितीतरी पटींनी महाग माल निघाला: चौरस फूट. लोअर परळची फिनिक्स मिल्स ही १९०५ सालची कंपनी आजही शेअर बाजारात आहे आणि उत्तम चालली आहे. ती आता मॉल चालवते. म्हणजे कामगार नकोसा झालेल्या धंद्यातूनही मालमत्तेला उत्तम दिवस येऊ शकतात. कामगारांशी वाईट वागणारा मालक रस्त्यावर येतोच असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा सेनापती बापट मार्गावरून चक्कर मारावी. बुडतो तो उद्योग. दोन्हींची गल्लत केली की मग आपण नीतिकथा सांगायला लागतो.

ज्या १९८२ सालच्या जानेवारीत गिरणगावचे भोंगे थांबले, त्याच सालच्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी जनरल मोटर्सने आपला मोटारींचा कारखाना बंद केला. हे उदाहरण जरा तपशिलात पाहण्यासारखे आहे, कारण मानवी व्यवहारात प्रयोगशाळेसारखा प्रयोग क्वचितच घडतो, आणि इथे जवळजवळ तसा घडला.

फ्रीमाँटचा कारखाना कंपनीतल्या सर्वांत बदनाम कारखान्यांपैकी एक. कोणत्याही दिवशी पाचांतला एक माणूस गैरहजर. तुंबलेल्या तक्रारी हजारांनी. कामावर दारू चाले. चिडलेले कामगार मोटारीच्या दाराच्या आत रिकामी बाटली टाकून दार बंद करीत, म्हणजे गिऱ्हाईक आयुष्यभर खडखडाट ऐकत राहील. व्यवस्थापनाचा एकच कायदा होता, की लाइन थांबता कामा नये. चूक दिसली तरी मोटार पुढे जाऊ द्यायची, शेवटी दुरुस्तीच्या अंगणात बघू. माणसाला रोज आठ तास जाणूनबुजून चुकीचे काम करायला लावले तर तो बाटल्या टाकणार नाही तर काय करणार?

१९८४ मध्ये हाच कारखाना टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत पुन्हा उघडला. नाव नुम्मी, कारभार टोयोटाचा. नव्याने घेतलेल्यांत सुमारे ८५ टक्के माणसे जुन्याच कारखान्यातली होती, संघटना तीच होती, तिचे पुढारीही तेच. शेकडो जणांना काही आठवड्यांसाठी जपानमधल्या टाकाओका कारखान्यात शिकायला पाठवले. व्यवस्थापकांचे वेगळे जेवणघर आणि गाड्या लावायची राखीव जागा गेली. प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी आली. अडचण वाटली की ओढायची. वेळेत सुटली नाही तर लाइन थांबते, आणि ओढणाऱ्याला कोणी ओरडत नाही, मदतीला येते. पूर्वी घड्याळ घेऊन अभियंता मागे उभा राही आणि कामगार मुद्दाम हळू हात चालवी. आता तेच कामगार गटागटाने स्वतःच्या कामाला घड्याळ लावून पद्धत ठरवू लागले. काम हलके झाले, असे मात्र कोणी समजू नये. मिनिटातले जास्त सेकंद प्रत्यक्ष कामात जाऊ लागले.

गैरहजेरी वीस टक्क्यांवरून तीन-चार टक्क्यांवर आली. दोन वर्षांत उत्पादकता जुन्या फ्रीमाँटच्या जवळपास दुप्पट झाली. या प्रयोगाची कसोटी १९८८ च्या सुमारास लागली. तिथे बनणाऱ्या शेव्हरोले नोव्हाचा खप पडला, कारखाना क्षमतेच्या बराच खाली चालू लागला. जुन्या रिवाजाप्रमाणे शेकडो लोकांना घरी बसवायला हवे होते. कोणालाही काढले नाही. रिकाम्या झालेल्या माणसांना प्रशिक्षणाला आणि काम सुधारण्याच्या गटांत बसवले. त्यानंतर दोरी ओढायला कोणी घाबरले नाही. आपण काम सोपे केले तर आपलीच नोकरी जाईल, ही भीती जिवंत असेपर्यंत कोणताही कामगार मालकाला युक्ती सांगत नाही, मग सूचनापेटी कितीही सुबक का असेना.

जनरल मोटर्सने हे सारे स्वतःच्या घरात पाहिले, माणसे पाठवून टिपणे काढली, आणि तरी इतर कारखान्यांत ते उतरवायला तिला फार वर्षे लागली. दोरी बसवता येते. ओढणाऱ्यावर न ओरडणारा साहेब बसवणे कठीण. २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तिची कारणे अनेक होती, आरोग्य-पेन्शनचा बोजा होता, जागतिक मंदी होती. सारे खापर वागणुकीवर फोडणे बरोबर होणार नाही.

मोटारींचाच विषय निघाला आहे तर हेन्री फोर्डला टाळता येत नाही. १९१३ साली त्याच्या कारखान्यात सुमारे १४,००० माणसे टिकवण्यासाठी वर्षभरात ५२,००० हून अधिक माणसे भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये त्याने नऊ तासांच्या २ डॉलर ३४ सेंटऐवजी आठ तासांचे ५ डॉलर जाहीर केले. गळती थांबली, नफा वाढला. पण वाढीव पैसे कोणाला द्यायचे हे ठरवण्यासाठी फोर्डचे निरीक्षक कामगारांच्या घरी जाऊन संसार तपासत, आणि त्याच कंपनीच्या गुंडांनी १९३७ मध्ये संघटनेच्या कार्यकर्त्यांना दिवसाढवळ्या बदडले. पगार चढा आणि माणसाची किंमत शून्य, असेही एकाच छपराखाली नांदू शकते.

आपल्याकडे या बाबतीत सांगायला किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर निवडुंगाने भरलेली जमीन कारखान्यासाठी दिली. तिथे कामगारांची रांग नव्हती. माणूस आला तर त्याच्यासाठी घर हवे, पाणी हवे, मुलांना शाळा हवी. मुंबईच्या मालकाला जे फुकट मिळत होते ते लक्ष्मणरावांना बांधावे लागले, आणि बांधावे लागल्यामुळेच माणूस गमावणे त्यांना परवडत नव्हते. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक घातला. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याचे वृत्तपत्रक म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ काढले. नांगराच्या कारखान्याच्या पत्रकातून मराठीतले एक मोठे मासिक उगवले, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ त्याच घरातून आले. अशी मिळकत ताळेबंदाच्या कोणत्या रकान्यात भरायची? तिथेही सर्व काही मालकाच्या मर्जीने चाले, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. मर्जी चांगली होती, एवढेच.

मर्जी आणि हक्क यांतला फरक टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात कळून चुकला. आठ तासांचा दिवस १९१२ पासून, मोफत औषधोपचार १९१५ पासून, भविष्य निर्वाह निधी १९२० पासून. आणि तरी १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये मोठे संप. दवाखाना दिला म्हणून माणूस आपले म्हणणे मांडायचे सोडत नाही. कल्याण योजना मोजून दाखवणारे व्यवस्थापक संप झाला की कृतघ्नतेची तक्रार करतात; त्यांनी कामगाराशी बोलणे कधी सुरू केले होते, हे विचारून पाहावे.

मग आकडे काय म्हणतात? लंडन बिझनेस स्कूलचे अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स एडमन्स यांनी अमेरिकेतल्या ‘काम करायला उत्तम’ अशा शंभर कंपन्यांच्या यादीचा १९८४ ते २००९ असा अभ्यास केला. जोखमीचा हिशेब धरूनही या कंपन्यांच्या शेअरनी वर्षाला साधारण साडेतीन टक्के जास्त परतावा दिला. यादी तर जाहीरच होती, तरी बाजाराला तिची किंमत लावायला वर्षे लागली. चांगुलपणाचा खर्च आज दिसतो आणि फळ उशिरा, हे बाजाराच्याही डोळ्यांना लागू आहे. त्यांच्याच पुढच्या संशोधनात असे दिसले, की हा फायदा सर्व देशांत सारखा नाही. जिथे माणूस सहज नोकरी बदलू शकतो, तिथे तो जास्त.

आणि वागणूक ही यंत्राला पर्याय नाही. ज्या एम्प्रेस मिलपासून आपण सुरुवात केली, ती टाटांनी १९८० च्या दशकात सोडली, राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाने काही वर्षे ओढली, आणि या शतकाच्या आरंभी ती बंद झाली. पेन्शन फंडाने जुने सांचे नवे होत नाहीत.

आजचा बदली कामगार कंत्राटी या नावाने वावरतो. वार्षिक औद्योगिक पाहणीनुसार संघटित कारखान्यांतल्या दर पाच कामगारांत साधारण दोघे कंत्राटी आहेत. शेजारी शेजारी उभे राहून तेच काम, पगार मात्र कमी, आणि मधल्या ठेकेदाराची दस्तुरी. जॉबर गेला असे कोणी म्हणू नये. हरियाणातल्या मानेसरच्या मारुती कारखान्यात १८ जुलै २०१२ रोजी हिंसाचार झाला, एका अधिकाऱ्याचा जीव गेला, कारखाना महिनाभर बंद राहिला, शेकडो कामगार काढले गेले, आणि १३ जणांना पुढे जन्मठेप झाली. त्या हत्येचे समर्थन कोणत्याही असंतोषाने होत नाही. पण आधीच्या वर्षभरात तिथे तीन वेळा काम बंद पडले होते. वेगळ्या संघटनेची मागणी, कंत्राटी कामगारांचा पगार, चहाच्या सुट्टीची मोजकी मिनिटे, हे सारे वाद उघड्यावर होते. हजेरीपट आधीच बोलत होता.

तो वाचण्याची सोय आता बाहेरच्यांनाही थोडीफार झाली आहे. सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना जबाबदारीचा वेगळा अहवाल छापणे बंधनकारक केले आहे. त्यात कायम किती आणि बिगरकायम किती, तीन वर्षांत किती टक्के माणसे सोडून गेली, अपघात किती झाले, कामगारांच्या तक्रारी किती आल्या आणि किती पडून आहेत, हे सारे द्यावे लागते. या सभागृहात भागधारक आहेत, निवृत्त व्यवस्थापक आहेत, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला निघालेली मुले आहेत. वार्षिक अहवाल हातात आला की अध्यक्षांचे पत्र आणि नफ्याचा आलेख सगळेच पाहतात. यंदा ही पानेही उघडा, मागच्या दोन वर्षांशी ताडून पाहा, आणि गळती वाढलेली दिसली तर वार्षिक सभेत उठून कारण विचारा.